साहेबाच्या गाडीचा ब्रेक

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बालवाडीच्या पुस्तकात कमळ आणि गवत होतं. आमच्या घरात ‘क’ कामगाराचा होता आणि ‘ग’ गद्दाराचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीतल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसवर फिटर होते आणि युनियनचे लीडर. पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. दुसऱ्यांच्या घरी अशा ट्रंकेत पैठणी आणि चांदीची भांडी असतात. आमच्याकडे पिवळी, गुलाबी, पोपटी पत्रकं होती, वर्षांप्रमाणे सुतळीने बांधलेली.

घरात एक नियम होता. हातात आलेला कुठलाही छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, अगदी विरोधी युनियनचा असला तरी, मुद्रणालयाच्या नावासकट. अपवाद फक्त कंपनीच्या कागदाचा. कंपनीची नोटीस वाचायची नाही. ‘कंपनीचा कागद वाचायला घेतला की माणूस हळूहळू कंपनीच्या बाजूने विचार करायला लागतो,’ असं अण्णांचं मत होतं, आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं. बाकीचे लोक नोटीस बोर्डासमोर गर्दी करत तेव्हा अण्णा पाठ फिरवून तंबाखू मळत. बोर्डावर काय आहे हे त्यांना नंतर कुणीतरी सांगत असणारच, पण तत्त्व ते तत्त्व.

ट्रंकेतलं माझं सगळ्यात लाडकं पत्रक पोपटी होतं. त्याचा मथळा मी पाच वर्षांची असताना घडाघडा म्हणत असे: ‘साहेबाच्या गाडीला कामगाराचा हात लागणार नाही.’ पाहुण्यांसमोर इतर मुली बडबडगीतं म्हणत, मी हे म्हणे. झालं होतं असं, की कारखान्याच्या मोठ्या साहेबाची स्वतःची गाडी दुरुस्तीला आली की ती कारखान्याच्या फिटरांकडून करून घ्यायची पद्धत पडली होती. अण्णांनी ती बंद पाडली. साहेबाची खाजगी गाडी ही कामगाराची ड्यूटी नाही, हे म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी संप झाला आणि गेटवर ती गोष्ट घडली. साहेबाची गाडी आत यायला निघाली आणि अण्णा तिच्यासमोर रस्त्यावर आडवे झाले. गाडी त्यांच्या बरगड्यांपासून दोन बोटांवर थांबली. दोन बोटं अण्णा हाताने दाखवत. तेव्हा त्यांचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. गाडी थांबली नसती तर मी नसते, हे मला फार लहानपणी कळलं, कारण घरी कुणीही आलं की चहा येण्याआधी ही गोष्ट येई.

मी कॉलेजात असताना कारखाना बंद पडला. शेडच्या जागी आता वीस मजली इमारती आहेत. मोडीचा लिलाव झाला तेव्हा यंत्रं गेली, कपाटं गेली, आणि एका कोपऱ्यात साहेबाची ती गाडी निघाली: साय रंगाची, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असलेली. साहेबाने नवी घेतल्यावर ती कंपनीच्या गळ्यात मारली होती. अण्णांनी बोली लावली आणि ती घरी आणली. पंचवीस वर्षं भांडवलशाहीशी लढून त्यांनी तिच्याकडून एवढीच एक वस्तू मिळवली.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “खाली जायचं राहिलं, म्हणून आता आत बसणार का?”

गाडीच्या डाव्या मडगार्डला एक लांब चेपा होता. अण्णांनी तो कधी काढू दिला नाही. संपात कुणा कामगाराने मारलेल्या दगडाची ती खूण आहे, असं ते सांगत. मी माझ्या एका लेखात त्या चेप्याला ‘वर्गलढ्याचा पुरावा’ म्हटलं होतं. लेख छापून आला होता. नाइलाजाने तेही इथे नोंदवते.

*

ह्या वर्षी गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. जुन्या गाडीची नोंदणी पुढे न्यायची तर तपासणीला उभी करावी लागते, आणि त्यात नापास झाली तर कुदळवाडीच्या भंगारात. अण्णांची गाडी एरवी बरी होती, फक्त ब्रेकचं पेडल पाय ठेवला की हळूहळू खाली बसायचं. दोष मास्टर सिलिंडरमध्ये होता. पेडल दाबलं की ह्या नळकांड्यातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो आणि चारही चाकांचे ब्रेक लागतात. दट्ट्यावर रबरी वाट्या असतात. त्या झिजल्या की तेल पुढे जायच्या ऐवजी मागे सटकतं.

गॅरेजवाला म्हणाला, हा सिलिंडर आता मिळत नाही, दुसऱ्या गाडीचा बसवून देतो. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने दुसऱ्या युनियनची पावती पुढे केली होती. प्रेसवर अख्खं आयुष्य काढलं, शंभर टनाचा सिलिंडर खोलून परत बसवला, आणि ह्या वीतभर नळकांड्याला दुसऱ्याने हात लावायचा? ते घरी आले आणि गंभीरपणे म्हणाले, “हे माझ्याच्याने झालं नाही, तर गाडी भंगारात देईन. मग मला फिटर म्हणू नका.”

आईने त्यांना त्याआधी फिटर कधी म्हटलं होतं, मला आठवत नाही. पण मामला गाडीचा राहिला नाही, हे आम्हा दोघींना कळलं. कारखाना गेला, युनियन गेली, लीडर म्हणणारी माणसं एकेक करून गावाकडे गेली. हात तेवढे उरले होते.

चाकणच्या पट्ट्यात देशभरच्या गाड्यांचे ब्रेक बनतात. मी तिथल्या कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहिते. हल्ली ती फोनवर पाठवायची असतात, त्यामुळे कुणी फाडत नाही आणि कुणी वाचतही नाही. तिथल्या ओळखीच्या दोन-चार पोरांना विचारलं. रोज हजारो ब्रेक हाताळणारी ती पोरं ह्या गाडीची एक रबरी वाटी देऊ शकली नाहीत. शेवटी पुण्यात नाना पेठेतल्या एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात मला किट मिळालं. दुकानदाराने वरच्या फळीवरचं खोकं काढून फुंकर मारली आणि म्हणाला, हे शेवटचं असेल असं समजू नका, अजून एक असेल.

अण्णांनी सिलिंडर काढला, खोलला, आतून बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि मग डोळे मिटून करंगळी आत घालून फिरवली. ओरखडा नव्हता. मी किटचं खोकं उघडलं. वाट्या, स्प्रिंग, दट्ट्या जागेवर धरणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, आणि घडी घातलेला पातळ कागद.

मी कागद उघडला. वरच ठळक अक्षरांत होतं: सूचनांचे पालन न केल्यास होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.

माझं डोकं फिरलं. वाटी कंपनीने बनवायची, पैसे कंपनीने घ्यायचे आणि माणूस मेला तर जबाबदार मेलेला माणूस. मी त्यावर चांगली दहा मिनिटं बोलले. चाकणमध्ये बोट गेलेल्या पोराला हेच सांगतात, सूचना बोर्डावर होती म्हणून. अण्णा कौतुकाने ऐकत होते, मधूनच मान हलवत होते. ट्रंक वाया गेली नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बोलण्याच्या भरात कागद फाटला. अर्ध्याला मी हात पुसले आणि अर्ध्यावर अण्णांनी सर्क्लिप ठेवली.

मग त्यांनी नव्या वाट्या एका स्टीलच्या भांड्यात प्रेसच्या तेलात बुडवून ठेवल्या. हे तेल त्यांच्याकडे कायम असतं. शिलाई मशीनपासून फाटकाच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला ते तेच घालतात. प्रेसचं सील नवीन बसवायचं तर आधी रात्रभर तेलात मुरवायचं, ही त्यांच्या खात्याची रीत. कोरडं सील बसवणाऱ्या हेल्परला त्यांनी पूर्वी आठवडाभर झाडू मारायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर जोडला, बाजारातून आणलेलं ब्रेकचं तेल भरलं आणि नळ्यांतली हवा काढायला घेतली. ह्यात एकाने आत बसून पेडल मारायचं असतं आणि दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची असते. आई आत बसली. गाडीखालून अण्णा ओरडत होते, दाब, धर, सोड, परत दाब. अर्ध्या तासाने आई खिडकीतून मला म्हणाली, “युनियनच्या माणसाला हुकूम सोडायला बरं जमतं की.”

पेडल दगडासारखं कडक झालं. अण्णा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं आळंदीला निघालो. अण्णांना देवाचं काही नव्हतं. इंद्रायणीच्या पुलापर्यंत जायचं, गरम भजी खायची आणि परत यायचं. भोसरी ओलांडली तशी गाडी जड वाटायला लागली. दिघीजवळ वास आला, रबर जळाल्यासारखा. अण्णांनी ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडलं आणि गाडी जागेवर रुतली. ब्रेक लागले होते, आणि सुटत नव्हते. मागून बस, रिक्षा, टेम्पो, सगळ्यांनी मिळून आमचा जो उद्धार केला तो पत्रकात छापता आला नसता.

अण्णांनी पेडलखाली हात घालून ते वर ओढून पाहिलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

“हात गेले माझे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हे वाईट होतं. “उद्या भंगारवाल्याला फोन कर.”

फोन मी केला, पण भंगारवाल्याला नाही. साहेबाची गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका दिघीतच राहतात. जुन्या गावातलं घराणं. शेत होतं, त्यातलं थोडं लष्कराच्या हद्दीला लागून अजून आहे. वर्षातून एकदा, कुणी जुना कामगार वारला की, ते आणि अण्णा भेटतात. ते स्कूटरवर पाना घेऊन आले. बॉनेट उघडलं, सिलिंडरच्या नळीचा नट जरासा सैल केला. तेलाची पिचकारी उडाली आणि गाडी एकदम मोकळी झाली.

“काय घातलंत ह्यात, लीडर?” त्यांनी विचारलं.

गाडी ढकलत त्यांच्या अंगणात नेली. तिथे सिलिंडर पुन्हा खोलला. वाटी बाहेर आली तेव्हा ती वाटी राहिलीच नव्हती. भिजून फुगलेल्या पावासारखी झाली होती. काकांनी ती दोन बोटांत दाबली, वास घेतला आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी प्रेसच्या तेलाचं सांगितलं, रात्रभर मुरवल्याचं सांगितलं, खात्याची रीत म्हणून सांगितलं.

“प्रेसचं रबर येगळं, हे येगळं,” काका म्हणाले. “ह्याला मशीनचं तेल लागलं की फुगतंय. हे सगळं तेलाच्या वाटंवर बसलं, मग ब्रेक सुटंल कसा? किटबरोबर कागद आला असंल की. त्यावर लिवलेलं असतंय.”

आता बोलायचं मला होतं. मी म्हणाले, कागद आला होता, मी पहिलं वाक्य वाचलं आणि फाडला. कंपनीचा होता.

मला वाटलं काका हसतील. ते हसले नाहीत. वाटी त्यांनी अंगणातल्या दगडावर ठेवली आणि हात पुसले.

“आज निघालंच हाय तर सांगतो, लीडर. त्या दिवशी गेटवर ब्रेक लागला न्हवता.”

अण्णांनी मान वर केली.

काकांनी सांगितलं ते असं. संपाच्या आधीपासूनच पेडल खाली जात होतं. गेटवर अण्णा आडवे झाले तेव्हा काकांनी पेडल मारलं, ते तळाला गेलं. पुन्हा मारलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा मारेपर्यंत बॉनेटआड अण्णांचा सदरा दिसायचा बंद झाला होता. मग त्यांनी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग फिरवून डावी बाजू गेटच्या दगडी खांबावर घातली. गाडी थांबली ती खांबामुळे. घोषणांच्या गोंधळात लोकांना तो आवाज दगडाचा वाटला, पण चेपा खांबाचा होता.

मी चेप्याकडे पाहिलं. मग पाहायचं टाळलं.

“साहेबाला का सांगितलं नाही मग, ब्रेक नाही म्हणून?” अण्णांनी विचारलं.

“सांगितलं व्हतं. साहेब म्हनला, फिटरकडं जा. मी तुमच्याकडंच आलो व्हतो. पेडल खाली जातंय, जरा बघा म्हनलं. तुमी माज्या हातात पत्रक दिलं. पोपटी.”

अण्णांनी चेप्यावरून बोट फिरवलं.

“इतकी वर्षं सांगितलं नाहीत,” अण्णा म्हणाले.

“काय सांगायचं? मानसं तुमची गोष्ट सांगत व्हती. दोन बोटं, दोन बोटं. मला वाटलं, ऱ्हाऊ दे. जीव तर वाचला.”

माझ्या ओठांवर दोन-तीन वाक्यं आली होती. पत्रक चूक नव्हतं. खाजगी गाडी कामगाराची ड्यूटी नव्हतीच, साहेबाने बाहेरून दुरुस्त करून घ्यायची होती, जबाबदारी त्याची होती. सगळं खरं होतं, आणि किटच्या कागदावरचं वाक्यही तेच होतं: आमच्या सूचना पाळल्या नाहीत, आम्ही जबाबदार नाही. हे लक्षात आलं आणि मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

अण्णा उठले, वाटी उचलून खिशात घातली. जाता जाता एवढंच म्हणाले, “पत्रक बरोबर होतं. पेडलही खाली जात होतं.”

*

मी पुन्हा नाना पेठेत गेले. दुकानदाराने न विचारता फळीवरचं दुसरं खोकं काढलं.

ह्या वेळी काम काकांच्या अंगणात झालं. अण्णा पाटावर बसले, काका खाटेवर, आणि मी उभं राहून कागद वाचला, पहिल्या ओळीपासून मुद्रणालयाच्या नावापर्यंत, लहानपणी पत्रक वाचायचे तसा. तिसरी सूचना होती: रबरी भागांना खनिज तेल, डिझेल अथवा ग्रीस लावू नये, फक्त ब्रेकचे तेल वापरावे. काका म्हणाले, परत वाच. मी परत वाचली. अण्णांनी पहिलीच ओळ, जबाबदार राहणार नाही ही, पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाले, हे मात्र हरामीपणाचंच आहे. मला बरं वाटलं.

प्रेसचं तेल नळ्यांमधून सगळीकडे पोहोचलं असणार, म्हणून नळ्या धुतल्या, चारही चाकांची रबरंही त्याच दुकानातून आणून बदलली. सिलिंडर अण्णांनीच जोडला. मध्ये एकदा सर्क्लिप बसेना, तेव्हा काकांचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला.

तपासणीच्या आदल्या रविवारी सकाळी लष्कराच्या भिंतीलगतच्या रिकाम्या रस्त्यावर ब्रेक पाहायचं ठरलं. काका स्टिअरिंगवर बसले. अण्णा शंभर पावलं चालत गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

मी धावत गेले. हे तत्त्वात बसत नाही, मी म्हणाले, आणि मला स्वतःलाही कळलं नाही की कुठल्या. ब्रेक तपासायला माणूस लागत नाही, विटा ठेवा, पोतं ठेवा.

“तेव्हा मी हिला हात लावला नव्हता,” अण्णा म्हणाले. “आता लावलाय. हो बाजूला.”

मी आईकडे पाहिलं. ती काही अडवेल अशी आशा होती. ती गाडीचं मागचं दार उघडून आत बसत होती.

“मागच्या वेळी मला संध्याकाळी कळलं होतं, भाजी निवडताना,” ती म्हणाली. “ह्या वेळी मी आत बसून बघणार.”

काकांनी गाडी सोडली. तिसऱ्या गिअरपर्यंत गेली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात एका कंपनीच्या भल्याची प्रार्थना करत होते. मग चाकं करकरली आणि गाडी सरळ रेषेत, जराही न हेलकावता थांबली. अण्णांपासून चांगली वीस पावलं अलीकडे.

अण्णा हलले नाहीत. मग त्यांनी ती वीस पावलं मोजत मोजत चालून काढली आणि खिडकीपाशी आले.

“इतक्या लांब?” ते म्हणाले. त्यांना ते लागलं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. “अजून यायचं होतं पुढं.”

“लागला की मी काय करू?” काका म्हणाले. “पाय टेकवला न्हाई तर लागला. तुमास्नी काय, तुमी झोपायलाच टपलेले.”

मागच्या सीटवर आई डोळे पुसत होती. मी विचारल्यावर म्हणाली, काच खाली आहे, धूळ आली.

त्यानंतर पाहुण्यांसमोर गोष्ट सांगताना अण्णांनी तिच्यात खांब घातला. ड्रायव्हर घातला. पोपटी पत्रकही घातलं. गोष्ट आता बरीच लांबली आहे आणि पूर्वीइतकी रंगत नाही. चहा मध्येच येतो. चेप्याबद्दलच्या माझ्या लेखाचं काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरने गाडी चालवली, दोनदा करकचून ब्रेक दाबला, मान हलवली आणि आम्हाला परत पाठवलं. हॉर्न वाजत नव्हता. आठ दिवसांत दुरुस्त करून या म्हणाला. सगळ्या धांदलीत हॉर्न आमच्यापैकी कुणी दाबूनच पाहिला नव्हता.

अण्णा त्याच दिवशी नवा हॉर्न घेऊन आले. ओट्यावर खोकं ठेवलं, उघडलं, हॉर्न बाहेर काढला, खोकं उलटं करून झटकलं, आत हात घालून चाचपलं. मग चपला घालून ते पुन्हा दुकानात गेले, आणि अर्ध्या तासाने हातात कागद घेऊन आले.

“वाच,” म्हणाले, आणि समोर मांडी घालून बसले.